घासाचं बी राखणारे ग्रिम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेती पुरवणीत मागच्या आठवड्यात उन्हाळी चाऱ्यावरचा लेख वाचला. लागवड, बियाण्याचं प्रमाण, कापणीचे दिवस, सगळं बरोबर होतं. एकच गोष्ट खटकली. लसूणघासाच्या सगळ्या सुधारित जाती संशोधकांनी तयार केल्या, शेतकऱ्याने बी विकत आणून फक्त पेरायचं, असा त्या लेखाचा सूर होता. म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापावं.

मी नेवासे तालुक्यातली, मुळेच्या पाटाखालची. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे 34 वर्षं, घास कापते. आमच्या भागात नुसतं घास म्हटलं की लसूणघासच. सकाळी विळा घेऊन वाफ्यात उतरायचं, दव असेल तर थांबायचं, कारण ओला घास जास्त गेला की गाईचं पोट फुगतं. अमरवेल दिसली की तेवढा भाग काढून जाळायचा. पेरल्यावर पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांनी, मग दर पंचवीस-तीस दिवसांनी. हे सगळं मला सासूबाईंनी शिकवलं, आणि हे पीक मूळचं आपल्याच मातीतलं असणार, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले. ती मिनेसोटा राज्यात राहते, मिनियापोलिस शहराच्या नैऋत्येला. फेब्रुवारीत पोचले. बाहेर उणे पंचवीस. तळ्यावर माणसं चालत होती, मोटारी नेत होती. बाळाला घेऊन खिडकीत बसले की मनात एकच यायचं, इथे जनावरं काय खात असतील? मी लेकीला विचारलं. तिला माहीत नव्हतं, पण तिने शोधलं. म्हणाली, आई, तुझा घास इथे या जवळच्याच कार्व्हर परगण्यात एका शेतकऱ्याने टिकवलाय, त्याचं घर अजून आहे. एप्रिल सरता सरता जावई आम्हाला तिथे घेऊन गेले.

त्या शेतकऱ्याचं नाव वेंडेलिन ग्रिम. जर्मनीतल्या बाडेन संस्थानात क्युल्सहाइम नावाचं गाव आहे, तिथले. त्या काळी बाडेनच्या बऱ्याच भागांत बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जायची. पिढ्यांमागे वाटण्या होत होत पट्ट्या उरायच्या. हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. त्या भागातून हजारो कुटुंबं गाव सोडून अमेरिकेला गेली. ग्रिम 1857 साली गेले, आपल्याकडे उठावाचं वर्ष होतं तेव्हा. चाळिशीच्या आसपासचा माणूस, बायको युलियाना, तीन मुलं. आणि सामानात पंधरा-वीस पौंड बी. किलोत धरलं तर सात ते नऊ. आपल्या हिशेबाने तीस गुंठ्यांच्या आसपास पुरेल एवढंच.

त्यांच्या गावच्या बोलीत या पिकाला 'एविगर क्ले' म्हणत, म्हणजे कायम टिकणारा क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचा भाऊबंद. एकदा पेरलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं, म्हणून कायमचा. दूरदेशी जाताना माणूस काय काय बांधून घेतो! ज्याची गाय अजून विकतही घेतलेली नाही, त्या गाईचा चारा त्यांनी बरोबर घेतला. मला तिथेच या माणसाबद्दल आपलेपणा वाटायला लागला.

त्यांनी चास्का गावाजवळ लेकटाउनमध्ये जमीन घेतली. ही जमीन रिकामी नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. तिथल्या मूळच्या डाकोटा लोकांकडून ती 1851 च्या करारांनी घेतली गेली होती, त्याला सहाच वर्षं झाली होती. माझं माहेर जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेलं आहे. त्यामुळे कुणाची तरी जमीन कागदावर कशी जाते, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. ग्रिम तिथे आले तेव्हा सगळं दाट जंगल होतं, मेपल आणि बासवूडची झाडं. आधी झाडं पाडायची, खोडं उपटायची, मग कुठे वाफा.

1858 साली बर्फ गेल्यावर त्यांनी बी पेरलं. उगवलं. आणि हिवाळ्यात बरंच मेलं.

याचं कारण शेतकऱ्यांनी नीट समजून घ्यावं असं आहे. नुसत्या थंडीने घास मरतो असं नाही. जमीन गोठते, सुटते, पुन्हा गोठते. त्या ताणात माती फुगून वर येते आणि रोपाचं मूळ उचललं जातं, तुटतं. शिवाय थंडी पडण्याआधी वाढ थांबवून मुळात साठा करून झोपी जाणं, हे प्रत्येक वाणाला जमत नाही. दक्षिणेकडच्या गरम मुलखातला घास शेवटपर्यंत फुटत राहतो आणि त्यातच संपतो.

ग्रिम यांनी काय केलं? जी रोपं जगली, त्यांचंच बी धरलं. ते पुन्हा पेरलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काही मेली, काही जगली. पुन्हा जगलेल्यांचं बी. असं एक-दोन वर्षं नव्हे, पंधरा-एक वर्षं चाललं. घासाचं बी धरणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. बियासाठी वाफा सोडायचा म्हणजे तेवढ्या कापण्या सोडायच्या. गाय दावणीला हंबरते आणि समोर उभा घास असूनही विळा लावायचा नाही. फुलावर मधमाश्या याव्या लागतात, शेंगा वळतात, वाळतात, ऊन बघून झोडायच्या. एवढं करून हातात येतं ते मूठभर. आणि इतकं करून ते बी पुढच्या बर्फात मरणार असंही असू शकतं. हे युलियानाबाईंनी किती वेळा केलं असेल, याचा मी तिथे उभी राहून विचार करत होते. त्यांच्याविषयी लिहिलेलं फार थोडं सापडतं. पण बी वाळवणं आणि निवडणं एकट्या पुरुषाने केलं असेल, असं मला वाटत नाही.

हळूहळू त्यांचा घास मरेनासा झाला. तिथे एक आठवण सांगतात. एका साली मक्याची टंचाई होती आणि ग्रिम यांची जनावरं मात्र तुकतुकीत. शेजाऱ्याने विचारलं, मका कुठून मिळाला? ते म्हणाले, एक दाणाही नाही, नुसता कायमचा क्लोव्हर. शेजाऱ्यांनी बी मागून नेलं. कार्व्हर परगण्यात शेतावरून शेतावर ते असं पसरलं. त्या काळी मिनेसोटात जो तो गहू आणि पुन्हा गहू घेत होता. घास जमिनीला नत्र देतो, दुधाला जोर देतो, हे या परगण्यातल्या गोठेवाल्यांना इतरांच्या आधी उमगलं.

1876 च्या सुमारास त्यांनी पक्कं घर बांधलं. म्हणजे देश सोडल्यावर जवळपास 19 वर्षांनी. चास्काच्या भट्टीतली वीट फिकट पिवळी, लोण्याच्या रंगाची असते. घर अजून उभं आहे. मी भिंतीला हात लावून पाहिला. आता तो सगळा भाग राखीव उद्यानात आहे आणि 1974 साली घराची नोंद तिथल्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली.

ग्रिम 1890 मध्ये वारले. आपण नवीन वाण तयार केलाय याची कुणी दखल घेतलेली त्यांना पाहायला मिळाली नाही. त्यांनी स्वतःही कधी तसा दावा केला नाही. त्यांच्या दृष्टीने ते गावाकडून आणलेलं बी सांभाळत होते, इतकंच.

पुढे दहा वर्षांनी, 1900 च्या सुमारास, जवळच्याच एक्सेल्सियर गावच्या आर्थर लायमन यांच्या लक्षात आलं की बाहेरून आणलेल्या बियाचा घास मरतो आणि या ग्रिमच्या बियाचा जगतो. त्यांनी हे मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोग केंद्रातले विलेट हेज यांना सांगितलं. हेज आणि अँड्र्यू बॉस यांनी चाचण्या घेतल्या आणि बात खरी निघाली. उत्तर अमेरिकेतला कडक हिवाळा सोसणारा पहिला घास हाच होता. त्यांनी त्याला शेतकऱ्याचंच नाव दिलं, ग्रिम. पुढे शास्त्रज्ञांना असंही दिसलं की त्या बियात पिवळ्या फुलांच्या रानघासाचा संकर मिसळलेला होता, म्हणून त्याची फुलं जांभळी, हिरवट, पिवळट अशी मिश्र यायची. म्हणजे बियात गुण होता, पण तो निवडून वर आणायला कडक हिवाळे आणि एक हट्टी कुटुंब लागलं.

ते बी डाकोटा आणि मोंटाना या राज्यांत, पार कॅनडापर्यंत गेलं. 1924 साली ग्रिम घास पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाने त्या शेतावर दगड उभारून त्यावर धातूची पाटी बसवली. 1940 च्या दशकात मर रोगाला टिकणारे नवे वाण आले आणि ग्रिम मागे पडला. पण उत्तरेकडच्या पुढच्या कितीतरी वाणांत त्याचा अंश आहे.

संपादक महोदय, विद्यापीठांचं मोल मी कमी करत नाही. आमच्या रानात आज राहुरीचा आरएल-88 आहे आणि तो उत्तम चालतो. हेज यांनी चाचण्या घेतल्या नसत्या तर ग्रिम यांचं बी त्या परगण्याबाहेर गेलं नसतं. पण चाचणी घ्यायला बी कुणीतरी राखून ठेवलेलं असावं लागतं. आणि ते कुणी राखलं, हे सांगणारा एक लायमन लागतो.

माझ्या सासूबाईंकडे घासाचं स्वतःचं बी होतं. त्यांच्या माहेराहून, शेवगावकडून आलेलं. राख मिसळून गाडग्यात ठेवायच्या, तोंडाला शेणाने लिंपलेलं फडकं. तो घास दोन पाळ्या पाणी चुकलं तरी तग धरायचा, मी डोळ्यांनी पाहिलंय. 2003 च्या दुष्काळात आम्ही गाई छावणीला नेल्या, रान पडून राहिलं आणि बी धरायचं राहून गेलं. त्याच्या दुसऱ्या वर्षी सासूबाई गेल्या. नंतर मी दुकानातून पिशवी आणली. तेव्हा मला त्यात काही गमावल्यासारखं वाटलंच नव्हतं. ते वाटलं चास्काजवळच्या त्या पिवळ्या घरासमोर, बर्फाखालून नुकताच फुटलेला घास पायाशी बघताना. जावई विचारत होते, आई, थंडी वाजते का.

माझी विनंती अशी. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला बाजारभावाच्या खाली थोडी जागा मोकळी ठेवा. ज्यांच्या घरी अजून घास, कडवळ, मका किंवा कुठल्याही चाऱ्याचं राखलेलं बी आहे, त्यांचं नाव, गाव, बी कुठून आलं, किती वर्षं धरलं, पाणी किती लागतं, एवढं छापा. बाईने राखलं असेल तर बाईचं नाव छापा. आमच्याच शिवेवर एक आजोबा आहेत, वय ऐंशीच्या पुढे, त्यांच्याकडे पायलीभर जुन्या घासाचं बी अजून आहे असं ऐकते. पहिली माहिती मी त्यांच्याकडून घेऊन पाठवते. येत्या रविवारी त्यांच्या वस्तीवर जाणार आहे.

आपली,
एक दूध उत्पादक शेतकरी,
ता. नेवासे, जि. अहिल्यानगर