गाळ्याबद्दल

पुणे, शनिवार पेठ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल तू चिडलास आणि मीही फोन ठेवून दिला. बोलताना मला कायदा धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

प्रेसचा गाळा कागदवाल्यांना देऊन मोकळं व्हावं, असं तुझं म्हणणं. त्यांची बाकी वळती करून ते वर थोडे पैसे देणार. ते बाराव्यालाच हिशेब घेऊन आले होते, हे मी विसरले नाही. पण नाही म्हणते ते त्या रागाने नव्हे. बाबांनी मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर, म्हणजे त्याप्रमाणे सगळं पार पाडणारी, नेमलंय, आणि 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात क्रम ठरलेला आहे. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या महिन्यातलं दवाखान्याचं बिल. मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मान्य करून घेण्याचा, खर्च. त्यानंतर कामगारांचा शेवटच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार. बाकीचे घेणेकरी सगळे एका पंगतीत. पैसे कमी पडले तर ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात. मशीन बँकेकडे तारण आहे, ते विकून बँक आपलं घेईल.

"वकिलाचंच भलं," म्हणालास. शिवाजीनगर कोर्टाच्या हेलपाट्यांत मलाही तेच वाटायचं! पण कोर्ट फी, वकील, जाहीर नोटीस हे सगळं बाबांच्या मालमत्तेतून जातं, माझ्या पेन्शनमधून नाही. म्हणून पावत्या जपते. बाबांच्या बिलांच्या तारेवरच ओवल्यात; तळाला वैकुंठ स्मशानभूमीची.

मशीनमनचा पगार परवा दिला. ते आता दुसऱ्या प्रेसमध्ये लागलेत. सही करताना व्हाउचरवर शाईचं बोट उमटलं.

कर्ज तुझ्या पगारावर येणार नाही. बापाचं कर्ज मुलाने फेडायचं, हा जुना धर्माचा दावा हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जाला चालत नाही, आणि बाबांचं सगळं कर्ज त्यानंतरचंच. वारसाकडे जेवढं आलं, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. मात्र आलेलं कुठे गेलं हे दाखवता आलं नाही, तर खिशातून भरावं लागतं. गाळा पडत्या भावात एकालाच दिला, तर बाकीचे मला जाब विचारतील, आणि बरोबरच विचारतील.

गाळा विकायचाच आहे. कागदवाल्यांनीही दर सांगावा, पूर्ण पैसे भरावेत आणि मग सगळ्यांबरोबर आपला वाटा घ्यावा.

गणपतीला येताना बाबांची निळी वही आण. लग्नपत्रिकांचे पैसे दोघातिघांकडून अजून यायचेत, ते तिच्यातच लिहिलेत.

तुझी,
आई