हक्क आणि दाद

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मूलभूत हक्क घटनेतच आहेत, ते कोण काढून घेणार?" त्याचं उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं.

हक्कांची मागणी जुनी. १९२८ च्या (मोतीलाल) नेहरू अहवालात ती होती, काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातही. इंग्रजांनी मात्र १९३५ च्या कायद्यात हक्कांची सनद घातली नाही. खटल्याशिवाय तुरुंग भोगलेली कितीतरी माणसं पुढे संविधान सभेत होती. तरीही त्यांनी अनुच्छेद २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे पुढे काही करील या संशयावरून खटल्याशिवाय डांबून ठेवायला, जागा ठेवली, हे मला आजही खटकतं.

बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटलं ते अनुच्छेद ३२ ला. हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, ती याच कलमामुळे. दाद मागायची सोयच नसेल तर हक्क कागदावर राहतो. आणीबाणीत नेमकं हेच झालं. घटनेतलं एकही अक्षर न पुसता, २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने १४ (समानता), २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेत मिळणारं संरक्षण) या अनुच्छेदांसाठी न्यायालयात जायची वाट बंद झाली. तरी नऊ उच्च न्यायालयांनी, त्यात आपलं मुंबईचंही, स्थानबद्धांचे अर्ज ऐकायची तयारी दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी त्यांना चूक ठरवलं. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारलं होतं, पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारलं तर? सरकारची बाजू मांडणाऱ्या महान्यायवादींचं उत्तर होतं, दाद मागता येणार नाही. विरोधात मत देणारे एकटे खन्नाच. पुढे ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही असं सांगणाऱ्या केशवानंद खटल्याचं कौतुक सगळे करतात, आणि ते योग्यच आहे. पण १९७३ चा तो निकाल असूनही तीन वर्षांत हे घडलं. म्हणून मला १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती जास्त मोलाची वाटते. तिच्यामुळे आणीबाणीतही अनुच्छेद २० (शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ साठी न्यायालयाचं दार बंद करता येत नाही. (मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला तोही हिच्यामुळेच.)

१९७६ च्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल २०१७ मध्ये, खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, रद्द ठरला. आणि तो चुकीचा होता असं लिहिणारे न्यायाधीश त्यांचेच चिरंजीव, धनंजय चंद्रचूड. खन्नांचं विरोधी निकालपत्र मात्र तू मुळातूनच वाच. सुट्टीत आलीस की त्यावर बोलू.

तुझा,
बाबा