ऊन वगळून 'गारवा' कसा ऐकायचा?

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या गावात पाऊसगाण्यांचा कार्यक्रम झाला. 'गारवा'मधली गाणी होणार म्हणून मी आणि कॉलेजातले तीन जुने मित्र लवकर जाऊन पहिल्या रांगेत बसलो होतो. गायकाने जीव ओतून गायलं, वादकही तयारीचे होते. पण गाण्याआधीची कविता कुणी म्हटलीच नाही. एकदम गाणंच सुरू झालं आणि आम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती चुटपुट अजून जात नाही, म्हणून हे पत्र.

'गारवा' १९९८चा. तेव्हा केबलवर हिंदी पॉपची चलती होती. १९९५मध्ये अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आला, पुढच्या वर्षी लकी अलीचा 'सुनो'. कॉलेजात त्याच कॅसेटी हातोहात फिरायच्या. घरातल्या मराठी कॅसेटी वडिलांच्या: अभंग, नाट्यगीतं. मिलिंद इंगळे यांनी चाली दिलेला आणि गायलेला 'गारवा' ही आम्हाला आमची वाटलेली पहिली मराठी कॅसेट. त्यातल्या कविता सौमित्र, म्हणजे अभिनेते किशोर कदम, यांनी स्वतः म्हटल्या आहेत. आधी कविता, मग गाणं, अशी तिची बांधणीच आहे.

आणि शीर्षकगीताआधीची ती कविता पावसाने सुरू होत नाही, उन्हाने होते. खान्देशी माणसाला ती तिथेच पकडते. बालकवी आमच्याच धरणगावचे, त्यांचा श्रावण शाळेत पाठ केला. पण आमचा खरा महिना मे. पारा ४५च्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही.

जळगावात आम्ही चौघे पत्र्याच्या खोलीत राहायचो. रात्री फरशीवर पाणी ओतून त्यावरच आडवं व्हायचं. वीज गेली की टेपमध्ये सेल घालायचे. सेल उतरत आले की सौमित्रांचा आवाज जड होत जायचा, शब्द लांबायचे. नवे सेल घ्यायला पैसे नसायचे, मग तेच सेल दिवसभर पत्र्यावर उन्हात तापत ठेवायचे आणि रात्री त्यांच्यावर कॅसेटची एक बाजू कशीबशी निघायची. त्या उन्हाचा आम्हाला झालेला तेवढाच उपयोग! आमच्यातला एक यावलकडचा, घरी केळी. वळवाच्या वादळात उभी बाग आडवी झालेली त्याने लहानपणी पाहिलेली. आभाळ भरून आलं की आम्ही गच्चीवर धावायचो. तो घरी फोन लावायला एसटीडी बूथवर जायचा. पण कॅसेट संपली की ती उलटून पुन्हा लावणाराही तोच.

आता कविता गाळली की ऊन गेलं, घाम गेला, वाट बघणंही गेलं. ज्याची वाट बघितली नाही तो पाऊस कसला? मोबाईलवर ऐकतानाही पुष्कळ जण कविता पुढे ढकलून थेट गाण्यावर जातात, हे मी माझ्याच घरात बघतो. त्यांना काय बोलणार! पण रंगमंचावर तरी असं होऊ नये.

पावसाळी कार्यक्रम ठेवणाऱ्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सर्व मंडळींना आपल्या पत्रातून कळकळीची विनंती आहे: कविता वगळू नका. तिला फार वेळ लागत नाही. म्हणणारं कुणी मिळत नसेल तर आम्हाला बोलवा. त्या रात्री परतताना गाडीत आम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एका ठिकाणी मी अडखळलो, तेव्हा पुढची ओळ यावलवाल्याने दिली.

आपला,
एक वाचक, भुसावळ