बातमीखाली जबाबदार माणसाचे नाव हवे : केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : ऑनलाइन बातम्यांतील निष्काळजी शब्दयोजना आणि संपादकांची जबाबदारी

महोदय,

सविनय नमस्कार. यंदाच्या हंगामात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर, फवारणी करताना माझ्या थोरल्या भावाला विषबाधा झाली आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात उपचार सुरू असताना त्याचे निधन झाले. घरात तेरवीची तयारी चालू असतानाच एका वृत्तसंकेतस्थळावर मथळा आला : ‘कर्जाला कंटाळून शेतकऱ्याने विष प्राशन केले’. माझा भाऊ विष प्यायला नव्हता. पाठीवरच्या पंपातले औषध वाऱ्याने अंगावर येत राहिले, कपडे भिजले, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. दवाखान्याच्या कागदांवर फवारणीतून विषबाधा अशीच नोंद आहे. बँकेचे पीककर्ज त्याने मार्चमध्येच नवे-जुने केले होते. ज्याने तो मथळा लिहिला त्याने दवाखान्यात, पोलीस ठाण्यात किंवा आमच्या घरी, एकाही ठिकाणी विचारले नाही.

या शब्दांच्या फरकाने काय होते ते आपण समजून घ्यावे. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा त्या अपघातांत मोडते आणि आत्महत्या मोडत नाही. वहिनी अर्ज घेऊन गेली तेव्हा कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने मोबाइल तिच्यापुढे धरला, बातमीत आत्महत्या लिहिले आहे असे सांगितले आणि व्हिसेऱ्याचा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल येईपर्यंत प्रकरण बाजूला ठेवले. सरकारी दवाखान्याचा कागद हातात असताना सरकारी माणसाने मोबाइलवरच्या मथळ्यावर विश्वास ठेवला, हे मला अजून पचलेले नाही. उधारीवर बियाणे आणि औषध देणारे कृषी केंद्र दिवाळीनंतर हिशेब करत असे; त्यांनी बातमी वाचून त्याच आठवड्यात वसुलीला माणूस पाठवला. पुतणीला शाळेत विचारले गेले की तुझ्या बाबांनी असे का केले. माझी आई आजही प्रत्येक येणाऱ्याला सांगत बसते की माझ्या लेकाने जीव दिला नाही. मुलगा गेल्याचे दुःख करायलाही तिला या लोकांनी मोकळे सोडलेले नाही.

मी त्या संकेतस्थळाला पत्रे लिहिली आणि दवाखान्याच्या कागदांचे फोटो पाठवले. तिथे संपादकाचे नाव नाही, पत्ता नाही. संदेश पाठवण्याची एक रिकामी चौकट तेवढी आहे. शेवटी एका माणसाचा नंबर मिळाला, तर तो म्हणाला की बातमी प्रतिनिधीने पाठवली, मथळा डेस्कने दिला आणि डेस्कवर त्या वेळी कोण होते हे सांगता येणार नाही. काही दिवसांनी बातमीतले ‘प्राशन’ काढून ‘विषबाधा’ असे केले गेले, पण चूक दुरुस्त केल्याची एक ओळही खाली लिहिली नाही, वरची तारीख बदलली नाही, आणि बातमीच्या दुव्यात तर जुना मथळा रोमन अक्षरांत अजून तसाच आहे. तोवर इतर संकेतस्थळांनी मजकूर उचलला होता. एकाने भावाचे वय बदलले, दुसऱ्याने गावाचे नाव चुकवले, आणि एका वाहिनीने यंत्राच्या आवाजात त्याचा व्हिडिओ केला. माणूस मेल्याची बातमी देताना कोणालाही एकदा वाचून पाहावेसे वाटले नाही.

महोदय, हा यवतमाळ जिल्हा आहे. २०१७ मध्ये इथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो लोकांनी दवाखाने भरले, आणि देशभरातले पत्रकार आमच्या वावरात येऊन गेले. विषबाधा आणि विषप्राशन यांतला भेद ज्यांनी तेव्हा पानेच्या पाने भरून समजावला, त्यांच्याच व्यवसायातली माणसे आज तो विसरली आहेत. २०२२ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदवल्या, त्यांतल्या ४,२४८ महाराष्ट्रातल्या. हा आकडा इतका अंगवळणी पडला आहे की विदर्भातला कास्तकार मेला म्हटले की मथळा आधी ठरतो आणि कारण नंतर शोधले जाते. आत्महत्येचीच बातमी असती तरी भडक मथळा देऊ नये आणि पद्धत मथळ्यात सांगू नये, असे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये सांगून ठेवले आहे. पण ते कौन्सिल छापील वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था यांच्यापुरते आहे, म्हणजे आमच्या तक्रारीला ते दारही बंद.

छापील वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. बातम्यांच्या निवडीला कोण जबाबदार आहे तेही त्याच ओळीत लिहिलेले असते. १८६७ चा तो जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला, आणि त्यातही संकेतस्थळे आली नाहीत. २०२१ च्या डिजिटल माध्यम नियमांत तक्रार निवारण अधिकारी आणि पंधरा दिवसांत निर्णय अशी तरतूद होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये आचारसंहितेच्या आणि तक्रार निवारणाच्या, सर्वांत वर सरकार असलेल्या, त्रिस्तरीय यंत्रणेच्या उपनियमांना अंतरिम स्थगिती दिली. सरकारचा हात लिहिणाऱ्याच्या मानेवर पडेल ही त्यामागची भीती मला मान्य आहे. बातमी सरकारने तपासावी असे मी मागत नाही आणि मागणारही नाही. पण याच सरकारने २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती केली ती केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा की खरा हे स्वतःच ठरवण्यासाठी. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. सरकारविषयी चुकीचे छापून आले तर त्यासाठी स्वतंत्र कक्ष, अधिसूचना आणि मोठमोठे वकील, आणि माझ्या भावाविषयी चुकीचे छापून आले तर वहिनीने बदनामीचा खटला लढावा, वकिलाची फी कापूस विकून भरावी आणि तारखांसाठी मजुरी बुडवावी! प्रतिष्ठा राज्यकर्त्यांनाच असते आणि पऱ्हाटीत मरणाऱ्याला नसते, असे आपल्याला वाटते काय?

आपल्या हातात एक गोष्ट आहे आणि ती करायला कोणाच्या लेखणीला हात लावावा लागत नाही. २०२३ च्या डिजिटल जाहिरात धोरणानुसार केंद्रीय संचार ब्युरो संकेतस्थळांना सरकारी जाहिराती देतो आणि त्यासाठी किती लोक ते संकेतस्थळ पाहतात हे मोजतो. जितके लोक जास्त तितका सरकारचा पैसा जास्त, आणि लोक ओढण्याचा सोपा मार्ग म्हणजे असाच मथळा. तो पैसा आमच्या करातून जातो. म्हणून जाहिरातीच्या यादीत येण्यासाठी अट घाला : जबाबदार संपादकाचे नाव आणि पत्ता प्रत्येक बातमीखाली असावा, तक्रारीला ठराविक मुदतीत लेखी उत्तर मिळावे, आणि दुरुस्ती केली तर मूळ चूक काय होती व ती कधी सुधारली हे त्याच पानावर, मथळ्याच्या खालीच, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. ज्याला हे नको असेल त्याने हवे ते छापावे, पण सरकारी जाहिरात मागू नये.

दवाखान्याच्या कागदांच्या आणि त्या मथळ्याच्या प्रती मी आपल्या मंत्रालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवल्या आहेत. पत्र पुढील कार्यवाहीसाठी अमुक विभागाकडे वर्ग केले, एवढेच उत्तर आले तर ते मी उत्तर मानणार नाही. ही अट घालणार की नाही आणि घालणार नसाल तर का, ते कळवावे. उत्तर मराठीत असावे, कारण ते वहिनीला स्वतः वाचायचे आहे.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कापूस उत्पादक शेतकरी