रडारची पहिली घंटा १९०४ सालची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात रडारचा जन्म २६ फेब्रुवारी १९३५ चा सांगितला आहे. त्या दिवशी इंग्लंडमध्ये डॅव्हेन्ट्रीजवळ ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्या प्रयोगात बीबीसीच्या केंद्राच्या रेडिओलहरी उडत्या विमानावरून परतलेल्या टिपल्या गेल्या, हे खरेच. पण ख्रिश्चन ह्युल्समायर या जर्मन तरुणाचे नाव लेखात कुठेच नाही, याचे वाईट वाटले.

मी आयुष्यभर व्यापारी जहाजांवर नोकरी केली. दाट धुक्यात ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या वरच्या खोलीत, उभे राहिले की स्वतःच्या जहाजाचे नाकही दिसत नाही. दुसऱ्या जहाजाचा भोंगा ऐकू येतो, पण कुठल्या बाजूने, ते कळत नाही. सगळा जीव रडारवरच्या एका ठिपक्यात अडकलेला असतो. ह्युल्समायरची धडपड नेमकी यासाठीच होती, जहाजांची टक्कर टाळण्यासाठी. मे १९०४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने कोलोनला ऱ्हाइन नदीकाठी आपले यंत्र चालवून दाखवले. विजेच्या ठिणगीतून लहरी सुटत, जहाजाच्या लोखंडावर आपटून परत येत आणि यंत्रातली घंटा वाजे. जहाज पुढे सरकले की घंटा बंद. जूनमध्ये हॉलंडमध्ये रॉटरडॅमला त्याने तीन किलोमीटरपर्यंतची जहाजे हेरली. पेटंटही मिळाले. घ्यायला मात्र कोणी पुढे आले नाही, ना नौदल, ना कंपन्या.

त्याचे यंत्र थेट अंतर सांगत नव्हते, म्हणून ते रडार नव्हे, असे काही जाणकार म्हणतात. पण डॅव्हेन्ट्रीलाही अंतर कुठे मोजले होते? थेट आलेली लहर आणि विमानावरून परतलेली लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर जी हालचाल झाली, तेवढीच पाहिली. लहरींचे झटके सोडून, ते परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढण्याचे काम पुढे काही महिन्यांनी इंग्लंडच्याच पूर्व किनाऱ्यावर ऑर्फर्डनेसला झाले. मग अंतराची अट एकट्या ह्युल्समायरलाच का? युद्धाआधी इंग्लंडच्या किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी राहिली, त्याचे श्रेय वॉटसन-वॉट यांचेच. ते कोणी काढून घेत नाही.

मोबाइलवर फिरणारा 'रडारचा शोध जगदीशचंद्र बोसांचा' हा दावाही तितकाच चुकीचा. बोसांनी कोलकात्यात भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. काम फार मोठे, पण दूरची वस्तू हुडकणे हा त्यांचा हेतू नव्हता.

पुढच्या पुरवणीत ह्युल्समायरबद्दल चार ओळी अवश्य छापाव्यात, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त जहाज अधिकारी, रत्नागिरी