सनीव्हेलहून आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवते, झोपते, डबाही नेते, त्यामुळे आई, तो प्रश्न आता बंद. आणि कार नाही म्हणून माझे हाल चाललेत असं आत्याला वाटत असेल, तर तिला सांग की स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि गाडीत बसायला जागा मिळते. बदलापूर लोकलने कॉलेज केलेल्या मुलीला आणखी काय हवं?

बाबा, तुमच्यासाठी खास बातमी. ही कॅलट्रेन सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे, म्हणजे अख्ख्या सिलिकॉन व्हॅलीतून जाते, आणि विजेवर कधी आली? सप्टेंबर २०२४! तोवर डिझेल. आपली व्हीटी-कुर्ला १९२५ची. ऑफिसात हे मी अगदी तुमच्या तोऱ्यात ऐकवलं. वरच्या तारेत आता आपल्यासारखेच २५,००० व्होल्ट आहेत. गाड्या मात्र दुमजली.

एक प्रकार अजून पचत नाही. लोक चक्क सायकल घेऊन लोकलमध्ये चढतात. लपूनछपून नाही, त्यासाठी वेगळे डबे असतात. भिंतीला एक सायकल टेकवायची, तिला दुसरी, अशा एकावर एक चार. मग आतल्या सायकलवाल्याला आधी उतरायचं असेल तर? म्हणून प्रत्येक सायकलला उतरायच्या स्टेशनाची चिठ्ठी लटकवलेली. लांबची आत, जवळची बाहेर. परवा माउंटन व्ह्यूला एक आजोबा चढले, चिठ्ठी सॅन फ्रान्सिस्कोची. त्यांनी शांतपणे रेडवुड सिटीवाल्याची सायकल काढली, आपली आत सरकवली, ती परत बाहेर लावली. मालक समोरच बसलेला, त्याने मान वर करूनही पाहिलं नाही! आपल्याकडे कुणाच्या पिशवीला हात लावून दाखवा.

आई, रात्रीचं म्हणशील तर प्रत्येक गाडीत कंडक्टर असतो आणि डबा रिकामा नसतो. बरं, नसतो म्हणजे फारसा नसतो. मी कंडक्टरच्या जवळपासच बसते. झालं समाधान?

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला यायला जमणार नाही. व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर परत येता येणार नाही, हे फोनवर बोललोच आहोत. दादा आहे, सगळं नीट होईल. मी त्या दिवशी रात्रभर जागीच असेन, कितीही वाजता फोन करा. पैसे आईच्या खात्यात पाठवलेत. बाबा, ते एफडीत टाकायचे नाहीत. डॉक्टर म्हणतील ती चांगली लेन्स घ्यायची. उरलेले सोसायटीच्या दुरुस्तीला भरा.

आणि त्या पुण्याच्या मुलाचं. फोटो पाहिला. नाही म्हणत नाहीये. माझा नंबर दे त्याला, पण आधी आम्ही दोघंच बोलू, पत्रिका नंतर. आत्याला मात्र इतक्यात काही कळू देऊ नकोस.

तुमची,
मनू