शाळा निवडताना पालकांना माहिती मिळावी

महोदय,

मुलीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आम्ही एक खासगी इंग्रजी शाळा आणि घराजवळची महापालिकेची मराठी शाळा, अशा दोन्ही पाहिल्या. महापालिकेच्या शाळेतील बाईंनी मुलीला जवळ बसवून गोष्ट वाचायला लावली, आणि आमचे मन तिथेच वळले. तरीही पुढील वर्षी त्या वर्गाला शिक्षक असतील का, ही काळजी उरतेच. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी महापालिकेने प्रत्येक शाळेतील पटसंख्या, मंजूर पदे व रिक्त पदे शाळेच्या फलकावर लावावीत, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, नागपूर